जमिनीवरची शिल्लक

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी संध्याकाळच्या आरतीनंतर केलेले भाषण. काही सभासदांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून काढले आहे.)



आपल्या मंडळाच्या प्रथेप्रमाणे चौथ्या दिवशी नागपूरहून कोणीतरी विद्वान वक्ते येतात. या वर्षी ज्यांना बोलावले होते त्यांना ऐनवेळी जमले नाही. सचिवांचा परवा रात्री फोन आला. मी त्या वेळी लाइनवर होतो, ब्लॉक सुरू होता. ते काहीतरी म्हणाले, मी ‘हो हो’ म्हणालो आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी कळले की मी भाषणाला हो म्हटले आहे. तेव्हा चूक कोणाची हे तुम्हीच ठरवा.

मी डिप्लोमावाला माणूस. रुळाखालची खडी, स्लीपर आणि पाऊस-पाणी यांच्यात वीस-एकवीस वर्षे गेली. साहित्य, अध्यात्म यांवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. म्हणून मला जे येते त्यावरूनच बोलतो. विषय आहे आपल्या आयुष्याचा हिशोब, आणि त्यानंतर पुढे काय करायचे ते नव्याने ठरवणे.

रेल्वेत स्टोअर सांभाळणाऱ्या प्रत्येकाला एका गोष्टीची धास्ती असते, ती म्हणजे स्टॉक व्हेरिफिकेशन. लेखा विभागाचा माणूस येतो, आमचे लेजर उघडतो आणि एकेक आर्टिकल मोजायला लागतो. फिश प्लेट किती, क्लिप किती, लाइनर किती. लेजरमध्ये लिहिलेला आकडा म्हणजे बुक बॅलन्स आणि प्रत्यक्ष मोजून निघालेला म्हणजे ग्राउंड बॅलन्स, जमिनीवरची शिल्लक. दोन्हींत फरक निघाला की तो स्टॉक शीटवर येतो आणि आम्हाला स्पष्टीकरण द्यावे लागते. गंमत म्हणजे माल कमी निघाला तर स्पष्टीकरण लागतेच, पण जास्त निघाला तरी लागते. जास्त आला कुठून? म्हणजे कुठेतरी नोंद करायची राहिली.

या वर्षी मला पंचेचाळीस पूर्ण झाली. या वयाला आमची ठरावीक वैद्यकीय तपासणी असते. त्यात साखर आणि रक्तदाब दोन्ही वाढलेले निघाले. डॉक्टरांनी विचारले, “रात्री किती वाजता जेवता?” मला सांगता येईना. बायको शेजारी बसली होती. ती म्हणाली, “ते घरी येतील तेव्हा.” त्याच महिन्यात आम्ही क्वार्टर बदलले, आणि सामान बांधताना माझी 2005 सालची एक डायरी सापडली. नोकरीला लागून एकच वर्ष झाले होते. पगार वेळेवर, लग्न व्हायचे, डोक्यावर केस. या मंडळातला माझा तो दुसरा गणपती. चतुर्थीच्या रात्री मी त्या डायरीत पाच संकल्प लिहिले होते. एक, पाच वर्षांत ए.एम.आय.ई. पूर्ण करणे. दोन, भुसावळ मंडलात बदली करून घेणे. तीन, गावी आई-बाबांना घर बांधून देणे. चार, ग्रुप बी ची परीक्षा पास होऊन अधिकारी होणे. पाच, पेटी शिकणे.

मी ती डायरी वाचली आणि माझ्या मनात आले की हे माझे लेजर आहे. वीस वर्षे झाली, व्हेरिफिकेशन एकदाही झालेले नाही. मग एका रविवारी बसलो आणि केले. ते तुम्हाला सांगतो. आपल्यातल्या पुष्कळांच्या घरी अशीच डायरी असेल, कागदावर नसली तरी मनात असेल.

ए.एम.आय.ई.चा सेक्शन ए पास झालो. सेक्शन बी चे तीन विषय राहिले ते राहिलेच. भुसावळला बदलीचा अर्ज 2007 साली केला, नंबर लागला 2014 साली. विनंती बदली म्हणजे सीनियॉरिटी सोडून तळाला जायचे. तोवर मुलगी शाळेत, बायकोची नोकरी इथे. मी नकार लिहून दिला. त्या दिवशी घरी सर्वांना सांगितले की सीनियॉरिटीमुळे गेलो नाही. खरे म्हणजे मला जायचेच नव्हते, पण ते स्वतःशी कबूल करायला मला आणखी अकरा वर्षे लागली. ग्रुप बी च्या विभागीय परीक्षेला दोनदा बसलो, दोनदा नापास. पेटी घेतली. ती पलंगाखाली आहे, भाता उंदरांनी खाल्ला.

आता घराचे सांगतो. लेजरप्रमाणे हा एकच आयटम पूर्ण आहे. घर, एक नग. जमिनीवरही घर उभे आहे, अकोल्याहून एस.टी.ने तासाभराच्या अंतरावर. पण व्हेरिफिकेशन करताना मला कळले की इथेच सर्वांत मोठी तूट आहे.

बाबांनी 2006 साली दोन पक्क्या खोल्या मागितल्या होत्या. जुन्या घराची मागची भिंत पावसात ढासळायची. माझे म्हणणे, बांधायचे तर नीट बांधू. स्लॅब टाकू, वर जिना काढू, सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी येऊ द्या. बाबा ‘बरं’ म्हणाले. ते दुसरे काही म्हणत नसत. थकबाकीचा पहिला हप्ता आला, दुसरा आला, आणि 2010 साली घर झाले. वास्तुशांतीला तुमच्यापैकी दोघे-तिघे आलेही होते. त्या घरात बाबा अकरा महिने राहिले. 2011 च्या पावसाळ्यात ते गेले.

त्यांनी दोन खोल्या मागितल्या होत्या. त्या मी 2006 मध्ये सोसायटीचे कर्ज काढून बांधू शकलो असतो. म्हणजे संकल्प मोठा होता म्हणून चांगला होता असे नाही. माझा संकल्प मोठा होत गेला आणि बाबांची गरज होती तेवढीच राहिली. चार पावसाळे ते त्या भिंतीला बारदान लावत राहिले. याचे स्पष्टीकरण कोणत्याही शीटवर मला लिहिता येणार नाही.

बंधू-भगिनींनो, हे सांगून मला तुम्हाला उदास करायचे नाही, उत्सवाचे दिवस आहेत. पण हिशोब करायचा तर कमी भरलेला आयटम झाकून चालत नाही.

आता दुसरी बाजू, जास्त निघालेला माल. लेजरमध्ये ज्याची नोंदच नाही असे पुष्कळ काही जमिनीवर सापडले. मला छत्तीसगढी बोलता येईल असे मी कधी ठरवले नव्हते, आज मी गँगमध्ये तीच भाषा बोलतो. आमच्या गँगमधल्या आय.टी.आय. झालेल्या एका ट्रॅकमनला मी दोन पावसाळे रोज तासभर विभागीय परीक्षेसाठी शिकवले. तो आज ज्युनियर इंजिनिअर आहे. ज्या परीक्षांनी मला पाडले, त्यांच्यासाठी जमवलेली पुस्तके त्याला उपयोगी पडली. हे मंडळ आहे. 2004 साली मी इथे आलो तेव्हा कोणाला ओळखत नव्हतो. पहिल्याच गणपतीत एका काकूंनी जेवायला बसवले आणि ‘उद्यापासून डबा इथून न्यायचा’ असे सांगितले. सहा महिने त्यांनी पैसे घेतले नाहीत. हे सर्व माझ्या खात्यात जमा आहे आणि मी एकदाही नोंदवले नाही. आपण राहिलेले तेवढे मोजतो आणि मिळालेले मोजायचे विसरतो.

स्टॉक व्हेरिफायर नेहमी लेखा विभागाचा असतो, स्टोअर सांभाळणारा स्वतःच मोजत नाही. कारण उघड आहे. आपणच आपला माल मोजला तर आकडा लेजरशी जुळायचाच. म्हणून माझी यादी मी बायकोला दाखवली आणि म्हटले, “तू तपास.”

तिने वाचली. मग विचारले, “रजा किती शिल्लक आहे?”

मी अभिमानाने सांगितले, 271 दिवस. रेल्वेतल्या मंडळींना माहीत आहे, सरासरी वेतनी रजा 300 दिवसांपर्यंत साठते आणि निवृत्तीच्या वेळी तिचे पैसे मिळतात. आमच्यात ज्याची रजा जास्त साठलेली तो हुशार समजला जातो.

“आणि पास?”

वर्षाला तीन सेट पास मिळतात. गेल्या वर्षी मी एक वापरला, दोन लॅप्स झाले.

तिने कागद घेतला. माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, गावच्या घरात राहते, भाऊ शेजारी आहे. मी दिवाळीला चार दिवस आणि उन्हाळ्यात चार दिवस जातो, म्हणजे वर्षाला आठ. देव करो आणि आई नव्वद वर्षे जगो, तर सोळा वर्षे. सोळा आठे एकशे अठ्ठावीस. म्हणजे उरलेल्या सगळ्या आयुष्यात आई आणि मी जेमतेम सव्वाचार महिने एकत्र असणार. रजेच्या खात्यात 271 आणि आईच्या खात्यात 128. आई दर रविवारी फोनवर एकच प्रश्न विचारते, “सुट्टी भेटली का रे बापा?” आणि मी वीस वर्षे सांगतो आहे, “नाही भेटली.” सुट्टी भेटली होती. ती साठवून ठेवली होती.

मी काही बोलायच्या आत बायको म्हणाली, “आणि माझी आई अमरावतीला आहे, ती या कागदावर कुठेच नाही.” व्हेरिफायर बाहेरचा का असावा हे मला त्या क्षणी पूर्ण पटले.

आता स्क्रॅपविषयी थोडे. लाइनवरून निघालेला जुना माल वेळेवर डेपोला पाठवला नाही तर तो यार्डात पडून राहतो. जागा अडवतो, गवत वाढते, साप येतात, आणि वर त्याचा हिशोबही ठेवावा लागतो. माझ्याही यार्डात असा माल होता. पूर्वी दुसऱ्या ठिकाणी असताना एका वरिष्ठांनी माझ्या गोपनीय अहवालात एक ओळ लिहिली होती. ती अन्यायाची होती असे मला आजही वाटते. पण ते गृहस्थ निवृत्त होऊनही आठ-नऊ वर्षे झाली. मी मात्र ती ओळ रोज रात्री मोजून परत जागेवर ठेवत होतो. ए.एम.आय.ई.चे तेच. ते मला कशासाठी हवे होते? लोकांनी पूर्ण इंजिनिअर म्हणावे म्हणून. पुलावर पाणी चढते तेव्हा गँगचा मुकादम मला डिग्री विचारत नाही, गाडी सोडायची की थांबवायची एवढेच विचारतो. तेव्हा हे दोन आयटम मी राइट ऑफ केले. त्याला सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते, ती घरातून मिळाली. वाईट वाटले नाही असे म्हणणार नाही. तिन्ही विषयांची पुस्तके त्या ज्युनियर इंजिनिअरला देताना हात जड झाला होता.

इथपर्यंत हिशोब झाला. आता पुढचे, नवे संकल्प कसे करायचे?

तुमच्यापैकी जे रेल्वेत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. पूर्वी रुळांच्या जोडांत फट ठेवत आणि गाडी खडखड करत जायची. आता रूळ लांबच लांब जोडलेले असतात. एक किलोमीटरचा सुटा रूळ 40 अंशांनी तापला तर सुमारे 46 सेंटीमीटर लांब होईल. पण तो क्लिपांनी स्लीपरला आणि स्लीपर खडीत धरून ठेवलेले असतात, त्यामुळे तो वाढू शकत नाही आणि सगळा ताण पोटात साठवतो. ताण प्रमाणाबाहेर गेला की बिलासपूरच्या मे महिन्यात दुपारी रूळ सापासारखा वाकडा होतो. त्यासाठी आम्ही डी-स्ट्रेसिंग करतो. ब्लॉक घ्यायचा, रूळ कापायचा, सगळ्या क्लिपा काढायच्या, रूळ रोलरवर घ्यायचा, लाकडी हातोड्यांनी ठोकत जायचे म्हणजे तो मोकळा होतो. मग ठरलेल्या तापमानाला पुन्हा क्लिपा लावायच्या आणि वेल्डिंग करायचे. रूळ तोच, स्लीपर तेच, लाइनही तीच. फक्त आत साठलेला ताण जातो. आणि हे तापमान आम्ही फार थंडीतले किंवा भर उन्हाळ्यातले धरत नाही, मधले पण सरासरीपेक्षा थोडे वरचे धरतो.

चाळिशीनंतरचे संकल्प असेच करावेत असे मला वाटते. पंचविशीतल्या उत्साहात ठरवलेले आणि हॉस्पिटलच्या बाकावर घाबरून ठरवलेले, दोन्ही टिकत नाहीत. मोकळे होऊन, शांतपणे, नेहमीपेक्षा थोडे जास्त, एवढेच धरावे.

दुसरी गोष्ट वेगाची. खडीची खोल छाननी केल्यावर त्या जागेवरून गाडी लगेच पूर्ण वेगाने सोडत नाहीत. आधी ताशी 20, मग 45, आणि लाइन बसत जाईल तसा टप्प्याटप्प्याने वेग वाढवतात. आपण मात्र पाडव्याला संकल्प करतो आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे पाचला दहा किलोमीटर चालून येतो. आठव्या दिवशी गाडी बंद. मी साखरेसाठी सध्या दोनच गोष्टी धरल्या आहेत. जेवण रात्री आठच्या आत, ड्यूटीवर असलो तरी डब्यातले, आणि गँगबरोबर चहा एकदाच. हा माझा ताशी 20 चा वेग. तीन महिने झाले, अजून गाडी रुळावर आहे.

उशीर झाला का, असाही प्रश्न मनात येतो. आम्हा इंजिनिअर लोकांचे दैवत म्हणजे सर विश्वेश्वरय्या. त्यांची जयंती 15 सप्टेंबर, कित्येकदा ती गणेशोत्सवातच येते. पुण्याच्या कॉलेजात शिकून 1884 साली ते मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात लागले. सुमारे चोवीस वर्षे तिथे काढल्यावर 1908 मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. तेव्हा ते सत्तेचाळिशीच्या आसपास होते. 1909 मध्ये म्हैसूरचे चीफ इंजिनिअर, 1912 मध्ये दिवाण. ज्यांच्यामुळे आपण त्यांना ओळखतो त्यांतली बरीच कामे त्यानंतरची. आपण कोणी विश्वेश्वरय्या नाही. पण पंचेचाळीस म्हणजे शेवटचे स्टेशन नव्हे, एवढे यातून घ्यायला हरकत नाही.

तर माझी नवी यादी तीनच ओळींची आहे. पहिली, तिन्ही सेट पास वापरायचे. वर्षातून तीनदा, प्रत्येक वेळी आठ दिवस. संध्याकाळी गाडीत बसायचे, सकाळी बडनेऱ्याला उतरून दोन दिवस अमरावती, मग पुढे आईकडे. दुसरी, दरवर्षी पावसाळ्यात गँगमधल्या दोघा-तिघांना परीक्षेसाठी शिकवायचे. तिसरी साखरेची. पेटी दुरुस्तीला टाकली आहे, पण ती यादीत घातलेली नाही. वाजली तर वाजली.

एक विषय राहिला, तो आपल्या सगळ्यांचा आहे. आपल्यातली काही घराणी भोसल्यांच्या अमलापासून या भागात आहेत, काही बी.एन.आर.च्या काळात आली, काही माझ्यासारखी परीक्षा देऊन. पण जे एक-दोन पिढ्यांत आलो त्यांच्या घरात एक वाक्य कायम असते, ‘रिटायर झाल्यावर गावी जाऊ.’ या वाक्यामुळे मी वीस वर्षे भिंतीला खिळा मारला नाही. अंगणात आंब्याचे रोप लावले नाही, कारण आंबा खायला आपण कुठे असणार? पाहुण्यासारखा राहिलो. इथली क्वार्टरे बदलतील म्हणून, आणि तिकडे कधीतरी जायचेच आहे म्हणून. दोन्हीकडे मुक्काम तात्पुरता. आमचा एक म्हातारा ट्रॅकमन दर दिवाळीला विचारायचा, “साहब, गाँव कब जाहू?” मी म्हणायचो, बघू. तो निवृत्त झाला तरी माझे ‘बघू’ चालूच.

आम्ही दोघांनी यावर दोन रात्री बोललो आणि ठरवले की निवृत्तीनंतर इथेच राहायचे. मुलगी इथली आहे, बायकोची माणसे इथे आहेत, माझीही आहेत. आईला विचारले होते इकडे येतेस का. ती म्हणाली, “तिथं माह्यं कोन हाय?” बरोबर आहे तिचे. मग तिच्याकडे जाणे हे माझे काम, आणि ते पंधरा वर्षांनी नाही, येत्या दिवाळीला. तुमचा निर्णय याच्या उलट असू शकेल. गावी परतायचे असेल तर जरूर परता, पण तारीख ठरवा आणि त्याप्रमाणे तयारी करा. ‘कधीतरी’ या स्टेशनला कोणत्याही टाइम-टेबलमध्ये गाडी थांबत नाही.

शेवटी बाप्पाची गोष्ट. व्यास महाभारत सांगणार आणि गणपती लिहिणार असे ठरले, तेव्हा गणपतीने अट घातली की सांगताना थांबायचे नाही. व्यासांनी उलट अट घातली की अर्थ समजल्याशिवाय लिहायचे नाही. लहानपणी मला पहिली अट आवडायची, न थांबता लिहायचे! आता दुसरी पटते. 2005 साली मी पाच ओळी भराभर लिहिल्या, अर्थ एकीचाही नीट समजला नव्हता. या वेळी तीनच लिहिल्या आहेत.

पुढच्या वर्षी याच दिवशी ही यादी घेऊन मी बायकोसमोर बसणार आहे. शिल्लक किती निघते ते ती मोजेल. आपणही आपापल्या घरी एकदा मोजून पाहा, आणि मोजायला दुसऱ्याला बसवा.

 प्रसादाला उशीर झाला त्याबद्दल क्षमस्व.

गणपती बाप्पा मोरया!